क्रीडागार-स्थलांतर, फुटबॉल

क्रीडागार-स्थलांतर, फुटबॉल : व्यावसायिक फुटबॉल संघाने आपले स्वगृहीचे सामने एका क्रीडागारातून कायमचे वा दीर्घ मुदतीसाठी दुसऱ्या क्रीडागारात हलविणे, यास क्रीडागार-स्थलांतर म्हणतात. संघाची लोकप्रियता वाढली, की तो मोठ्या क्रीडागारात जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून अनेक संघांनी मोठे क्रीडागार सोडून मुद्दाम लहान क्रीडागार पतकरल्याची उदाहरणे आढळतात. महाराष्ट्रातील याचे ठळक उदाहरण म्हणजे मुंबई सिटी फुटबॉल क्लब होय. या संघाने २०१६ मध्ये नवी मुंबईतील सु. ५५,००० आसनांचे क्रीडागार सोडून अंधेरी येथील सु. ७,००० ते ८,००० आसनांच्या क्रीडागारात आपले सामने नेले. अशा स्थलांतराने प्रेक्षक खेळाच्या निकट येतो आणि संघाचा खर्च आटोक्यात राहतो. परंतु संघ यशस्वी झाल्यास तेच क्रीडागार अपुरे पडते आणि प्रेक्षकांचा मोठा वर्ग बाहेर राहतो. म्हणून क्रीडागाराचे आकारमान हा केवळ आसनांच्या संख्येचा प्रश्न राहत नाही. संघ कोणासाठी खेळतो, हा प्रश्नही त्यात गुंतलेला असतो.

स्वगृहाची संकल्पना : साखळी पद्धतीच्या स्पर्धेत प्रत्येक संघ प्रतिस्पर्ध्याशी एकदा स्वतःच्या व एकदा त्याच्या मैदानावर खेळतो. स्वतःच्या मैदानावरील सामन्याचे तिकिटांचे उत्पन्न सामान्यतः यजमान संघास मिळते व व्यवस्थेचा खर्चही त्यालाच करावा लागतो. परिचित मैदान, प्रवासाचा अभाव आणि प्रेक्षकांचा पाठिंबा यांमुळे यजमान संघास काही अंशी लाभ होतो, असे सर्वत्र आढळून आले आहे. यूरोपातील जुन्या संघांची मैदाने त्यांच्या वस्तीतच उभी राहिली व पिढ्यान् पिढ्या तेथेच राहिली. भारतात मात्र क्रीडागारे बहुधा शासन, महानगरपालिका, क्रीडासंघटना वा खाजगी संस्था यांच्या मालकीची असून संघ तेथे भाडेकरू असतो. त्यामुळे क्रिकेटचे सामने, जागतिक स्पर्धांची तयारी, दुरुस्ती वा करारनाम्याची मुदत यांपैकी कोणत्याही कारणाने संघास स्थलांतर करावे लागते.

आकारमान व दृष्टिरेषा : फुटबॉलच्या मैदानाची आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी सर्वमान्य झालेली मापे १०५ मी. लांब व ६८ मी. रुंद अशी आहेत. चेंडूचा व्यास सु. २२ सेंमी. असतो. प्रेक्षक फार दूर बसला, तर त्यास खेळाडूंची धाव दिसते, पण चेंडूवरील ताबा व पायाचे कसब नीट दिसत नाही. म्हणून मैदानाच्या मध्यबिंदूपासून सु. ९० मी. त्रिज्येच्या वर्तुळात जितकी अधिक आसने बसतील तितके उत्तम, आणि कोणतेही आसन मैदानाच्या सर्वांत दूरच्या कोपऱ्यापासून सु. १९० मी.हून अधिक अंतरावर नसावे, असा क्रीडागाराच्या रचनेचा प्रचलित संकेत आहे.

क्रिकेटसाठी बांधलेल्या क्रीडागारात हा संकेत पाळणे कठीण जाते. क्रिकेटचे मैदान जवळजवळ वर्तुळाकार असून त्याचा व्यास १४० मी.च्या आसपास असतो. त्यात फुटबॉलचे मैदान आखल्यास दोन्ही स्पर्शरेषांपलीकडे प्रत्येकी सु. ३६ मी. आणि गोलरेषांपलीकडे सु. १७ मी. मोकळी जागा उरते. म्हणजे अगदी पहिल्या रांगेतील प्रेक्षकही स्पर्शरेषेपासून मैदानाच्या निम्म्या रुंदीइतका दूर बसतो. धावण्याच्या शर्यतींसाठी ४०० मी.चा धावपथ असलेल्या क्रीडागारात वेगळी अडचण उद्भवते. आठ पट्ट्यांच्या धावपथामुळे स्पर्शरेषेपाशी प्रेक्षक सु. १२ मी. दूर राहतो, हे अंतर सुसह्य असते. परंतु वळणाच्या बाजूस गोलरेषेपासून पहिली रांग ३५ मी.हून अधिक दूर पडते आणि गोलामागील प्रेक्षकास समोरच्या गोलापाशी काय घडले, हे नीटसे कळत नाही. केवळ फुटबॉलसाठी बांधलेल्या क्रीडागारात हेच अंतर सामान्यतः १० मी.च्या आत ठेवता येते.

आसनांच्या रांगांचा चढ हा दुसरा महत्त्वाचा घटक होय. मागच्या प्रेक्षकाची दृष्टी पुढच्याच्या डोक्यावरून स्पर्शरेषेपर्यंत पोहोचली पाहिजे. पहिली रांग मैदानाच्या जितकी जवळ, तितका मागील रांगांचा चढ अधिक तीव्र ठेवावा लागतो. लहान क्रीडागारात रांगा थोड्या असल्याने असा चढ देणे सोपे जाते. मोठ्या क्रीडागारात तो दिल्यास इमारत फार उंच होते व खर्च वाढतो. लहान क्रीडागारात आवाज व वातावरण अधिक जिवंत वाटते, याचे कारणही बहुतांशी भूमितीतच आहे. प्रेक्षक मैदानाभोवती दाटीने बसलेले असतात, आणि छप्पर जवळ असल्यास आवाज मैदानाकडे परत फिरतो.

अर्थकारण : साखळी स्पर्धेतील संघ वर्षातून फारच थोडे सामने स्वतःच्या मैदानावर खेळतो. इंडियन सुपर लीग या स्पर्धेत २०१६ साली आठ संघ होते व प्रत्येकास साखळीतील सात सामने स्वगृही मिळत. २०२३-२४ मध्ये संघांची संख्या बारा झाल्यावर हे सामने अकरा झाले. उरलेल्या दिवसांत मोठ्या क्रीडागाराचा फुटबॉल संघास काहीच उपयोग नसतो. सामन्याच्या दिवशी मात्र प्रकाशव्यवस्था, स्वच्छता, पाणी, सुरक्षारक्षक व प्रवेशद्वारांवरील कर्मचारी यांची योजना क्रीडागाराच्या आकारमानानुसार करावी लागते, मग प्रेक्षक निम्मे आले तरी बेहत्तर. पन्नास हजारांच्या क्रीडागारात पंधरा हजार प्रेक्षक आले, तर ते ओस वाटते. तेच पंधरा हजार वीस हजारांच्या क्रीडागारात आले, तर ते भरल्यासारखे वाटते.

याचा परिणाम तिकीटविक्रीवरही होतो. जागा हमखास मिळणार असे ठाऊक असले, की प्रेक्षक आगाऊ तिकीट घेत नाही; पाऊस पडला वा संघ हरू लागला, की तो घरीच राहतो. जागा मर्यादित असल्यास तो संपूर्ण हंगामाचे तिकीट काढतो आणि संघास हंगामापूर्वीच निश्चित रक्कम हाती येते. दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणातही भरलेली प्रेक्षासने दिसणे जाहिरातदारांस व संघास हवे असते. उलटपक्षी लहान क्रीडागारामुळे उत्पन्नाची कमाल मर्यादा ठरून जाते. मोठ्या प्रतिस्पर्ध्याशी होणाऱ्या सामन्यास दहापट मागणी आली, तरी तिकिटे तेवढीच विकता येतात. मग किंमत वाढविली जाते व बेताच्या मिळकतीचा प्रेक्षक आपोआप वगळला जातो.

सुरक्षितता : प्रेक्षकांची संख्या मर्यादित ठेवण्यामागे दुर्घटनांचा कटू अनुभवही आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्यातील ईडन गार्डन्स येथे ईस्ट बेंगॉल व मोहन बागान या संघांतील सामन्याच्या वेळी प्रेक्षकांत उसळलेल्या दंगलीत व चेंगराचेंगरीत १६ जण मृत्युमुखी पडले. इंग्लंडमध्ये १९८५ साली ब्रॅडफर्ड येथे प्रेक्षागाराला लागलेल्या आगीत ५६ जण, तर एप्रिल १९८९ मध्ये शेफील्ड येथील हिल्झबरो क्रीडागारातील चेंगराचेंगरीमुळे ९७ जण दगावले. या दुसऱ्या घटनेनंतर न्यायमूर्ती टेलर यांनी १९९० मध्ये दिलेल्या अहवालास अनुसरून इंग्लंडमधील वरिष्ठ श्रेणीच्या क्रीडागारांत उभ्याने सामना पाहण्याच्या जागा रद्द होऊन सर्वत्र आसने आली आणि अनेक क्रीडागारांची क्षमता घटली. भारतातही बाकांच्या व पायऱ्यांच्या जागी स्वतंत्र आसने बसविल्याने जुन्या क्रीडागारांचे आकडे खाली आले आहेत. कोलकात्याच्या सॉल्ट लेक क्रीडागारात १९८४ साली एक लाखाहून अधिक प्रेक्षक मावत. २०१७ च्या जागतिक स्पर्धेपूर्वीच्या नूतनीकरणानंतर ती क्षमता सत्तर हजारांच्या आत आली.

परदेशांतील उदाहरणे : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व्यावसायिक फुटबॉल साखळी १९९६ मध्ये सुरू झाली, तेव्हा बहुतेक संघ अमेरिकी पद्धतीच्या फुटबॉलसाठी बांधलेल्या अवाढव्य क्रीडागारांत खेळत. कोलंबस क्रू हा संघ ओहायओ स्टेट विद्यापीठाच्या सु. ९०,००० आसनांच्या क्रीडागारात खेळे. १९९९ मध्ये तो सु. २२,५०० आसनांच्या, केवळ फुटबॉलसाठी बांधलेल्या क्रीडागारात गेला. या साखळीतील संघासाठी असे खास क्रीडागार बांधण्याचा तो पहिलाच प्रयत्न होता. पुढे इतर संघांनीही हाच मार्ग अनुसरला.

इटलीतील यूव्हेंटस या संघाचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९९० च्या जागतिक स्पर्धेसाठी तूरिन येथे बांधलेले देल्ले आल्पी हे क्रीडागार सु. ६९,००० आसनांचे होते. परंतु धावपथामुळे प्रेक्षक मैदानापासून दूर पडत. देशातील सर्वाधिक चाहते असलेल्या या संघाच्या २००१-०२ मधील एका चषक-सामन्यास अवघे २३७ प्रेक्षक हजर होते. अखेरीस ते क्रीडागार पाडण्यात आले व त्याच जागी सु. ४१,००० आसनांचे, धावपथविरहित क्रीडागार २०११ मध्ये खुले झाले. २०१२ ते २०२० या काळात संघाने सलग नऊ वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. या यशाचे श्रेय केवळ क्रीडागारास देता येणार नाही. तथापि भरलेली प्रेक्षासने व क्रीडागाराची मालकी यांमुळे संघाचे उत्पन्न वाढले, हे निश्चित. स्पेनमधील एस्पान्योल या संघानेही २००९ मध्ये बार्सेलोनाचे ऑलिंपिक क्रीडागार सोडून सु. ४०,००० आसनांचे स्वतःचे क्रीडागार जवळ केले. याउलट लंडनचा वेस्ट हॅम युनायटेड हा संघ २०१६ मध्ये सु. ३५,००० क्षमतेचे आपले जुने मैदान सोडून २०१२ च्या ऑलिंपिक सामन्यांसाठी बांधलेल्या, सु. ६०,००० आसनांच्या क्रीडागारात गेला. तेथे तिकिटे अधिक विकली गेली. मात्र खेळ फार दूरवरून पाहावा लागतो, अशी जुन्या चाहत्यांची तक्रार राहिली.

मुंबईतील स्थलांतर : मुंबईतील फुटबॉलचे परंपरागत केंद्र म्हणजे दक्षिण मुंबईतील कूपरेज मैदान होय. १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स चषक स्पर्धेचे सामने तेथे दीर्घकाळ होत असत. गिरण्या, बँका व मोठ्या कंपन्या यांचे संघ हा मुंबईच्या फुटबॉलचा कणा होता. रोव्हर्स स्पर्धा बंद पडली आणि २००५-०६ चे राष्ट्रीय साखळी अजिंक्यपद मिळविणारा महिंद्र युनायटेड हा संघही २०१० मध्ये विसर्जित झाला. त्यामुळे ही परंपरा क्षीण झाली.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग ही स्पर्धा सुरू झाली व तीत मुंबई सिटी फुटबॉल क्लब हा संघ उतरला. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी स्पर्धेचा उद्‌घाटनाचा सामना मुंबई व कोलकाता यांच्या संघांत सॉल्ट लेक क्रीडागारात सु. ६५,००० प्रेक्षकांसमोर झाला. कोलकात्याने तो तीन गोलांनी जिंकला. मुंबईने स्वगृहासाठी नेरूळ येथील डी. वाय. पाटील क्रीडागार निवडले होते. २००८ मध्ये खुले झालेले हे क्रीडागार क्रिकेटसाठी बांधलेले असून दृष्टीच्या आड येणारे खांब त्याच्या छपरास नाहीत. तेथील पहिल्याच सामन्यात मुंबईने पुण्याचा ५–० असा पराभव केला. परंतु मैदानाच्या वर्तुळाकारामुळे प्रेक्षक खेळापासून दूर राहत, पन्नास हजारांवर आसनांपैकी मोठा भाग नेहमी रिकामा दिसे आणि मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील प्रेक्षकास खाडी ओलांडून रात्री उशिरा परतावे लागे. पहिल्या दोन हंगामांत संघास उपांत्य फेरी गाठता आली नाही.

२०१६ मध्ये संघाने अंधेरी (पश्चिम) येथील शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल हे स्वगृह केले. बृहन्मुंबई महानगरपालिकेचे हे संकुल १९८८ पासून वापरात असून नोव्हेंबर १९९६ मधील मायकेल जॅक्सन यांच्या कार्यक्रमामुळे अनेकांच्या स्मरणात आहे. फुटबॉलसाठी सज्ज केल्यावर त्यास ‘मुंबई फुटबॉल अरीना’ हे नाव रूढ झाले. पश्चिम रेल्वे व घाटकोपर–वर्सोवा मेट्रोमार्ग यांमुळे तेथे पोहोचणे सुकर असते. आसनांची संख्या पूर्वीच्या एकसप्तमांशाच्या आसपास असली, तरी प्रेक्षक मैदानालगत बसत. त्या हंगामात मुंबईने साखळीत प्रथम स्थान मिळविले व प्रथमच उपांत्य फेरीत प्रवेश केला.

योगायोग असा, की त्याच वर्षी सॉल्ट लेक क्रीडागाराचे नूतनीकरण चालू असल्याने कोलकात्याचा संघही दक्षिण कोलकात्यातील रवींद्र सरोवर या लहान क्रीडागारात खेळत होता. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी पासष्ट हजारांसमोर खेळलेल्या या दोन संघांतील उपांत्य फेरीचे दोन्ही सामने लहान क्रीडागारांत झाले. कोलकात्याने पहिला सामना ३–२ असा जिंकला, अंधेरीतील दुसरा गोलशून्य राहिला आणि पुढे त्या संघाने अजिंक्यपदही पटकावले. लहान क्रीडागारामुळे खेळाचा दर्जा खालावतो, या समजास यामुळे तडा गेला.

नोव्हेंबर २०१९ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर सिटी या संघाच्या मालक-समूहाने मुंबई संघाचे ६५ टक्के भाग घेतले. २०२०-२१ चा हंगाम करोना साथीमुळे संपूर्णपणे गोव्यात प्रेक्षकांविना खेळविण्यात आला. मुंबईने त्यात साखळीतील अग्रस्थानाची ढाल जिंकली आणि १३ मार्च २०२१ रोजी मडगावजवळील फातोर्डा येथे अंतिम सामन्यात मोहन बागानला २–१ असे हरवून पहिले अजिंक्यपद मिळविले. अशा रीतीने संघाचा पहिला मोठा विजय त्याच्या एकाही चाहत्यास क्रीडागारात बसून पाहता आला नाही. पुढील हंगामही गोव्यातच झाला. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सामने पुन्हा अंधेरीत सुरू झाले, त्या हंगामात संघ साखळीत सलग १८ सामने अपराजित राहिला आणि ढाल त्याने दुसऱ्यांदा जिंकली.

यशाबरोबर लहान क्रीडागाराची मर्यादाही उघड झाली. आशियाई विजेत्या संघांच्या स्पर्धेत एप्रिल २०२२ मध्ये मुंबईने इराकच्या वायुदलाच्या संघास २–१ असे हरविले. या स्पर्धेत भारतीय संघाने मिळविलेला तो पहिला विजय होता. मात्र ते सामने सौदी अरेबियात रियाध येथे झाले होते. २०२३-२४ च्या स्पर्धेत स्वगृही सामने खेळण्याची संधी मिळाली. अशा स्पर्धांसाठी आशियाई फुटबॉल महासंघ प्रकाशव्यवस्था, आसने, खेळाडूंच्या खोल्या, वार्ताहरकक्ष इ. बाबतींत निकष ठरवून देतो. या वेळी अंधेरीऐवजी पुण्याचे बालेवाडी क्रीडागार हे संघाचे स्वगृह म्हणून नोंदविण्यात आले. सौदी अरेबियाच्या अल् हिलाल या संघाशी ६ नोव्हेंबर २०२३ रोजी झालेला सामना तर पुन्हा नेरूळच्या मोठ्या क्रीडागारात खेळवावा लागला. नेमार हा त्या संघाचा ख्यातनाम खेळाडू दुखापतीमुळे आला नाही, तरीही अंधेरीत मावले नसते इतके प्रेक्षक त्या रात्री जमले. मुंबईस ०–२ अशी हार पतकरावी लागली. देशातील अग्रगण्य संघास आशियातील सर्वांत महत्त्वाचे सामने स्वतःच्या मैदानाबाहेर खेळावे लागले, हे लहान क्रीडागार पतकरल्याचे मोल होय. ४ मे २०२४ रोजी त्याच संघाने सॉल्ट लेक क्रीडागारात साठ हजारांवर प्रेक्षकांसमोर मोहन बागानला ३–१ असे हरवून दुसरे अजिंक्यपद मिळविले. पहिले अजिंक्यपद रिकाम्या प्रेक्षासनांसमोर, तर दुसरे प्रतिस्पर्ध्याच्या चाहत्यांसमोर मिळाले. अंधेरीच्या प्रेक्षकांच्या वाट्यास दोन्ही वेळी दूरचित्रवाणीच आली.

पुणे आणि सातारा–सांगली परिसर : सातारा व सांगली या जिल्ह्यांत राष्ट्रीय साखळीत खेळणारा व्यावसायिक फुटबॉल संघ झालेला नाही. तेथील प्रेक्षकास सर्वांत जवळचे व्यावसायिक फुटबॉल म्हणजे पुण्याचे होते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल मुंबई–बंगळूर महामार्गालगत असून हाच महामार्ग पुढे सातारा, कराड व वाळवे तालुक्यातील पेठ या गावांवरून कोल्हापूरकडे जातो. त्यामुळे साताऱ्याहून सु. ११० किमी. अंतरावरील हे क्रीडागार या भागातील तरुणांच्या आटोक्यात होते. तेथे २०१४ पासून खेळणारा पुणे सिटी हा संघ २०१९ मध्ये बंद झाला व त्याच्या जागी स्पर्धेत हैदराबादचा संघ आला. हे स्थलांतर लहान क्रीडागारात नव्हे, तर दुसऱ्याच राज्यात झाले आणि पश्चिम महाराष्ट्राचा या स्पर्धेशी असलेला थेट संबंध तुटला. २०२३ मध्ये मुंबईचे आशियाई सामने बालेवाडीत झाले, तेव्हा तो काही दिवसांपुरता पुन्हा जुळला. धावपथामुळे बालेवाडीच्या क्रीडागारातही गोलामागील प्रेक्षक मैदानापासून दूरच बसतो.

शेजारच्या कोल्हापुरातील परिस्थिती निराळी आहे. तेथील संघ पेठांचे असून पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ अशी त्यांची नावेच त्यांचे मूळ सांगतात. तालमीत कुस्तीच्या जोडीने फुटबॉल रुजला व शाहू क्रीडागारातील स्थानिक स्पर्धांना पेठांतील लोक गर्दी करतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेत भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा याच शहरातील होय. येथे संघ आणि क्रीडागार यांमध्ये अंतर पडलेले नाही, कारण संघ वस्तीचा आहे.

सातारा व सांगली या जिल्ह्यांना प्रेक्षकाच्या निकटतेचे महत्त्व कुस्तीच्या मैदानांमुळे फार पूर्वीपासून परिचित आहे. हेल्सिंकी येथे १९५२ मध्ये ऑलिंपिक कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव हे कराडजवळील गोळेश्वरचे. जत्रेतील कुस्तीच्या फडात तांबड्या मातीच्या हौदाभोवती प्रेक्षक वर्तुळाकार बसतात. पुढचे जमिनीवर, मागचे उंचवट्यावर वा मांडवाच्या पायऱ्यांवर अशी रचना आपोआप होते आणि कोणाचीही दृष्टी अडत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये कोल्हापुरात बांधविलेल्या खासबाग मैदानात हेच तत्त्व स्थापत्यात उतरले. साताऱ्याच्या छत्रपती शाहू क्रीडासंकुलात एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, तर सांगलीत मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा होऊन सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी यांनी ती जिंकली. अशा स्पर्धांसाठी हौद व गादी यांभोवती तात्पुरती प्रेक्षासने उभारली जातात. खेळाच्या गरजेनुसार जागा लहानमोठी करण्याची ही पद्धत जुनी व कमी खर्चाची आहे.

जिल्हा व तालुका पातळीवरील क्रीडासंकुलांत मात्र सामान्यतः ४०० मी.चा धावपथ व त्याच्या आत फुटबॉलचे मैदान अशी रचना स्वीकारली जाते. अनेक खेळांची सोय एकाच जागी व्हावी, हा तिचा हेतू योग्यच आहे. परंतु फुटबॉलच्या प्रेक्षकास ती गैरसोयीची पडते. जेथे जागा उपलब्ध आहे, तेथे धावपथापासून वेगळे, एका वा दोन बाजूंस थोड्या पायऱ्या असलेले पाच-सहा हजारांचे मैदान खेळाच्या वाढीस अधिक उपकारक ठरू शकते. गोव्यात वास्कोच्या टिळक मैदानासारख्या लहान क्रीडागारांनी दीर्घकाळ हेच कार्य केले आहे.

मूल्यमापन : लहान क्रीडागारात जाणे ही संघाची अधोगती नव्हे, तसेच ते यशाचे हमखास साधनही नव्हे. नेहमीची उपस्थिती, येण्याजाण्याची सोय, मैदानाचा आकार व मालकी यांचा मेळ बसला, तर लहान क्रीडागार संघास स्थैर्य देते. तूरिनमध्ये हा मेळ पूर्णपणे साधला गेला, कारण संघाने क्रीडागार स्वतः बांधले व ते नेहमीच्या उपस्थितीच्या मानाने फार लहान ठेवले नाही. मुंबईत तो अर्धवटच साधला गेला : निकटता लाभली, परंतु क्रीडागार भाड्याचे राहिले आणि कोट्यवधी वस्तीच्या महानगरात आसने काही हजारच उरली. नेरूळचे क्रीडागार फार मोठे व अंधेरीचे फार लहान; वीस-पंचवीस हजार आसनांचे, केवळ फुटबॉलसाठी बांधलेले क्रीडागार या दोहोंच्या मधली जागा भरून काढू शकले असते. संघ आपले क्रीडागार बदलू शकतो. प्रेक्षकास मात्र आपले गाव वा उपनगर बदलता येत नाही. म्हणून स्थलांतराचा निर्णय घेताना किती आसने आहेत याबरोबरच तेथवर कोणास पोहोचता येईल आणि कोणास तिकीट परवडेल, याचाही विचार होणे आवश्यक ठरते.